मौलाना रहमतुल्लाह कैरानवी (रह.) : आग्र्याच्या वादसभेपासून मक्केच्या मदरशापर्यंत

ख्रिस्ती धर्माकडे मुसलमानाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. हजरत ईसा (अ.) यांना आपण अल्लाहचे थोर प्रेषित मानतो. हजरत मरयम (अ.) यांच्या पावित्र्याची ग्वाही दिव्य कुरआन देतो. इंजील हा अल्लाहने अवतरित केलेला ग्रंथ होता, हे मानल्याखेरीज कोणाचेही ईमान पुरे होत नाही. मात्र ईसा (अ.) यांचे ईशपुत्रत्व, त्रैक्य आणि वधस्तंभावरील प्रायश्चित्त या तीन गोष्टी आपण स्वीकारीत नाही, आणि ख्रिस्ती बांधवांच्या श्रद्धेचा तर त्याच पाया आहेत. परक्याशी वाद करणे सोपे असते. ज्याच्याशी निम्म्याहून अधिक गोष्टींत एकमत आहे, त्याच्याशी उरलेल्या गोष्टींविषयी बोलणे कठीण. हे कठीण काम एकोणिसाव्या शतकात ज्या आलिमाने अंगावर घेतले आणि त्यापायी घरदार, जमीनजुमला व अखेर देशही गमावला, त्या मौलाना रहमतुल्लाह कैरानवी (रह.) यांचे हे चरित्र.

हिजरी सन १२३३, म्हणजे इसवी सन १८१८ मध्ये त्यांचा जन्म झाला. उत्तर प्रदेशातील कैराना हा त्या काळच्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातील कसबा त्यांचे गाव. घराण्याची वंशावळ तिसरे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांच्यापर्यंत पोहोचते आणि पानिपतचे सूफी बुजुर्ग कबीरुल औलिया शेख जलालुद्दीन (रह.) हे त्यांचे पूर्वज. घरी विद्या होती, हकिमी होती आणि बऱ्यापैकी जमीनही होती. प्रारंभिक शिक्षण घरीच झाले. पुढील अध्ययनासाठी ते दिल्लीस आणि तेथून लखनौस गेले. शिक्षण संपवून कैरान्यात परतल्यावर त्यांनी मदरसा काढला आणि विद्यार्थ्यांना शिकवू लागले. काळ वेगळा असता तर एका कसब्यातील आदरणीय मुदर्रिस म्हणूनच त्यांचे आयुष्य सरले असते.

पण काळ वेगळा होता. १८१३ च्या सनदेनंतर कंपनी सरकारच्या मुलखात मिशनऱ्यांना येण्याची मुभा मिळाली होती. १८३७ मध्ये फारसीचे दरबारी स्थान गेले. त्याच सुमारास, १८३७-३८ साली, आग्रा प्रांतात भीषण दुष्काळ पडला. त्यात अनाथ झालेल्या मुलांना मिशनऱ्यांनी सिकंदऱ्याच्या अनाथालयात आश्रय दिला आणि ती मुले तेथे ख्रिस्ती म्हणून वाढली. भुकेल्या मुलाला अन्न देणाऱ्याची निंदा करावी असे मला वाटत नाही. आपली अनाथ मुले दुसऱ्याच्या दारी का गेली, हा प्रश्न त्या वेळच्या सुखवस्तू मुसलमानांनी स्वतःला विचारायला हवा होता.

अशा आग्र्यात १८४१ मध्ये कार्ल गॉटलीब फांडर हा जर्मन पाद्री आला. जर्मनीतील वुर्टेमबर्ग प्रांतातील त्याचा जन्म, बाझेल मिशनच्या संस्थेत त्याचे शिक्षण. हिंदुस्थानात येण्यापूर्वी तो काही वर्षे कॉकेशसमधील शुशा गावी राहिला होता. तेथे मुसलमानांत वावरून त्याने फारसी आत्मसात केली आणि इस्लामविरुद्ध आपला ग्रंथ ‘मीजानुल हक’, अर्थात सत्याची तराजू, सिद्ध केला. तो मूळ जर्मनमध्ये लिहिलेला होता. मग फारसीत व पुढे उर्दूत आला. केवळ शिव्याशाप देणारा माणूस म्हणून फांडरकडे पाहणे चुकीचे ठरेल. त्याच्या मांडणीत एक तर्कपद्धती होती. खऱ्या ईशग्रंथाच्या कसोट्या तो आधी ठरवतो: माणसाच्या अंतःकरणातील पापक्षमेची ओढ त्याने शमवली पाहिजे, सदसद्विवेकाशी तो जुळला पाहिजे, ईश्वराचा न्याय आणि पावित्र्य त्यातून प्रकट झाले पाहिजे. मग या कसोट्यांना बायबल उतरते आणि कुरआन उतरत नाही, असा निष्कर्ष तो काढतो. तराजू त्याचा, वजनेही त्याचीच. माणसाचा मूळ रोग पाप आणि त्यावर औषध प्रायश्चित्त, हे एकदा गृहीत धरले की उत्तर ख्रिस्ती येणारच. इस्लामच्या दृष्टीने माणूस जन्मतः पापी नसतो. तो विसरतो, चुकतो, आणि तौबा करून थेट आपल्या रबकडे परततो. खरे मतभेदाचे स्थळ हे होते. दुर्दैवाने आग्र्यात चर्चा येथपर्यंत पोहोचलीच नाही.

लखनौचे सय्यद आले हसन यांनी फांडरशी पत्रव्यवहार केला, त्याला उत्तरादाखल ग्रंथही लिहिला. पण फांडरच्या पुस्तकांचा प्रसार थांबला नाही. मौलाना रहमतुल्लाह यांनी यात लक्ष घातले तेव्हा त्यांच्यापुढे मोठी अडचण होती. त्यांना अरबी, फारसी, उर्दू उत्तम येत असे. इंग्रजी येत नसे. ख्रिस्ती विद्वान आपल्या ग्रंथांविषयी आपापसात काय बोलतात, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता.

हा मार्ग उघडला डॉक्टर मुहम्मद वजीर खान यांच्यामुळे. कलकत्त्यात आणि मग इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ आग्र्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरीस होते. विलायतेहून येताना त्यांनी बायबलवरील टीकाग्रंथ सोबत आणले होते. बायबलचे निष्ठावान समर्थक हॉर्न व लार्डनर यांचे ग्रंथ त्यांच्या संग्रही होते, तसेच मूळ संहितेची कठोर चिकित्सा करणाऱ्या जर्मन पंडितांचे विचारही त्यांना ठाऊक होते. एक मदरशात शिकलेला, एक मेडिकल कॉलेजात. पण दोघे मिळून रात्रंदिवस वाचत बसले. डॉक्टरसाहेबांनी इंग्रजीतून अर्थ सांगायचा, मौलानांनी प्रमाणांची मांडणी करायची. युरोपात ख्रिस्ती धर्माविषयी एकच एक मत नाही, कॅथलिक व प्रोटेस्टंट यांच्यात कोणते ग्रंथ पवित्र मानावेत यावरही एकवाक्यता नाही, आणि त्रैक्य नाकारणारे एकेश्वरवादी ख्रिस्तीही आहेत, ही माहिती हिंदुस्थानातील उलमांना बहुधा प्रथमच इतक्या तपशिलाने मिळत होती.

मग मौलानांनी फांडरला जाहीर मुनाजऱ्याचे, म्हणजे वादसभेचे, आव्हान दिले. पत्रापत्री होऊन पाच विषय ठरले: नस्ख, तहरीफ, त्रैक्य, प्रेषित मुहम्मद (स.) यांचे प्रेषितत्व आणि कुरआनचे ईश्वरी असणे. १० एप्रिल १८५४, सोमवारी सकाळी आग्र्यात सभा भरली. मौलानांच्या बाजूस वजीर खान बसले, फांडरच्या बाजूस थॉमस व्हाल्पी फ्रेंच हा तरुण पाद्री. हा फ्रेंच आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजचा संस्थापक. सभेला इंग्रज अधिकारी होते, शहरातील उलमा होते, हिंदू व ख्रिस्ती नागरिकही होते. दुसऱ्या दिवशी गर्दी आणखी वाढली.

पहिला विषय नस्ख, म्हणजे पूर्वीचा ईश्वरी हुकूम नंतरच्या हुकमाने रद्द होणे. फांडरचे म्हणणे असे की इंजील कधीही रद्द होऊ शकत नाही. मौलानांनी आधी शब्दाचा अर्थ स्पष्ट केला. नस्ख हुकमांचा होतो. घडलेल्या घटना, ईश्वराचे गुण, सदाचाराची तत्त्वे यांचा होत नाही. अशा अर्थाने नस्ख ख्रिस्ती लोकही मानतात, कारण तौरातमधील कितीतरी हुकूम ते आज पाळीत नाहीत. वादात अर्धे भांडण शब्दाच्या अर्थावरून असते, हे मौलानांना मदरशाच्या तर्कशास्त्राने शिकवले होते.

खरी खडाजंगी झाली ती तहरीफवर, म्हणजे ग्रंथातील फेरफारावर. वजीर खान यांनी योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील ते सुप्रसिद्ध वचन काढले, ज्यात स्वर्गात साक्ष देणारे तिघे एकच आहेत असा आशय आहे. त्रैक्याचा इतका उघड उल्लेख बायबलमध्ये अन्यत्र सापडत नाही. पण हे वाक्य प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाही. इरॅस्मस या पंडिताने छापलेल्या १५१६ व १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत ते नव्हते. टीका झाल्यावर १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते आले. हे वचन मूळचे नाही, मागाहून घुसलेले आहे, हे फांडरने सभेत मान्य केले. आणखी काही ठिकाणीही असे घडल्याचे त्याने कबूल केले. जॉन मिल या इंग्रज संशोधकाने १७०७ मध्येच नव्या कराराचे सुमारे तीस हजार पाठभेद नोंदवले होते, तेव्हा नाकारण्यासारखे काही नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी फांडरने आपली बाजू सावरली. नकलाकारांच्या चुका झाल्या असतील, पण त्यांमुळे ख्रिस्ती श्रद्धेच्या मूळ तत्त्वांना धक्का लागत नाही, असे त्याचे म्हणणे. मौलानांचे उत्तर अदालतीच्या रिवाजाला धरून होते: ज्या दस्तऐवजात काही ठिकाणी खाडाखोड झाल्याचे मालकच कबूल करतो, तो दस्तऐवज उरलेल्या भागासाठी तरी निर्विवाद पुरावा कसा ठरावा? पुढील विषयांकडे वळण्यापूर्वी हाती असलेली इंजील प्रमाण मानावी, असा फांडरचा आग्रह. ते मान्य करणे मौलानांना शक्य नव्हते. चर्चा तेथेच खुंटली. पाचांपैकी तीन विषयांना स्पर्शही झाला नाही. दोन्ही पक्षांनी आपापले वृत्तांत छापले आणि दोघांनीही विजय आपलाच सांगितला.

मराठी वाचकांना हा काळ अन्य कारणांनी परिचित आहे. मुंबईत जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकरांचा वाद १८३१ मध्येच झाला होता. विष्णुबावा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी जाहीर वाद घालीत होते. आणि ज्या १८५४ साली आग्र्याची सभा झाली, त्याच साली बेळगावात बाबा पदमनजी यांनी बाप्तिस्मा घेतला. हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाज एकाच प्रश्नाला आपापल्या शास्त्रांतून उत्तर शोधत होते.

आता एक गोष्ट आपल्याच घरातील. तहरीफचा अर्थ काय, यावर इस्लामी विद्वानांतही एकमत नाही. ग्रंथवाल्यांनी शब्द बदलले, असे काही उलमा म्हणतात. शब्द कायम ठेवून अर्थ फिरवला, असे इतर म्हणतात. शाह वलीउल्लाह देहलवी (रह.) यांचा ‘अल-फौजुल कबीर’ मदरशांत आजही शिकवला जातो, त्यात त्यांचा कल तौरातच्या बाबतीत अनुवादातील व अर्थातील फेरफाराकडे आहे. मौलाना रहमतुल्लाह त्याच विद्यापरंपरेतील, तरी त्यांनी शब्दांतील फेरफाराची बाजू ठामपणे घेतली. पुढे १८६२ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी बायबलवर भाष्य लिहायला घेतले, ‘तबयीनुल कलाम’ त्याचे नाव. त्यांनी नेमकी उलट बाजू घेतली आणि ख्रिस्ती व मुसलमान यांच्यातील अंतर कमी करण्याचा प्रयत्न केला. मला विचाराल तर पाठभेदांच्या बाबतीत मौलानांचा पुरावा अधिक भक्कम आहे. पण समोरच्याचा ग्रंथ आदराने, आरंभापासून क्रमाने वाचण्याची सर सय्यद यांची रीतही टाकून देण्याजोगी नाही.

सभेनंतर तीन वर्षांनी १८५७ चा उठाव झाला. मौलाना कैराना परिसरात इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्यांचे पुढारी झाले, जवळच थानाभवन येथे हाजी इमदादुल्लाह (रह.) आणि त्यांचे साथी उभे होते. उठाव मोडला. मौलानांना पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे इनाम जाहीर झाले. ते पंजेठ नावाच्या गुजरांच्या गावी लपले. फौज गावात शिरली तेव्हा मुखियाने त्यांच्या हाती विळा देऊन त्यांना शेतात गवत कापायला बसवले, आणि घोडेस्वार इतक्या जवळून गेले की टापांनी उडालेले खडे त्यांच्या अंगाला लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नाव बदलून, जयपूर-जोधपूरच्या वाळवंटातून पायपीट करीत ते सुरतेस पोहोचले आणि तेथून जहाजाने जिद्दा व मक्का. मागे त्यांची मालमत्ता जप्त होऊन लिलावात गेली. वजीर खानही उठावात उतरले होते; तेही पुढे हिजाजला गेले.

मक्केत त्यांची कोणाशी ओळख नव्हती. हरम शरीफमध्ये शेख अहमद जैनी दहलान यांच्या वर्गात ते श्रोते म्हणून बसत. एका मसल्यावर त्यांनी अदबीने शंका विचारली, त्यातून शेखांना या परदेशी माणसाची योग्यता कळली. शेखांनी त्यांना घरी बोलावले, हकिकत ऐकली, हरममध्ये शिकवण्याची परवानगी मिळवून दिली आणि आग्र्यातील वाद अरबीत लिहून काढण्याचा आग्रह धरला.

तिकडे फांडर १८५८ पासून तुर्की राजधानीत, कुस्तुंतुनियात, होता. सुलतान अब्दुल अजीज यांनी मौलानांना तेथे बोलावून घेतले. मौलाना येताच फांडर पळाला, अशी कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. १८६४ मध्ये तुर्की सरकारने मिशनऱ्यांची प्रचारस्थळेच बंद केली होती, आणि फांडर पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये मरण पावला. महत्त्वाचे आहे ते त्या मुक्कामात मौलानांनी केलेले लेखन. १८६४ च्या पूर्वार्धात, अवघ्या सहा महिन्यांच्या आत, ‘इजहारुल हक’ हा अरबी ग्रंथ सिद्ध झाला.

या ग्रंथाचे सहा अध्याय आहेत: बायबलमधील पुस्तकांची छाननी, तहरीफ, नस्ख, त्रैक्याचे खंडन, कुरआनची ईश्वरी सत्यता आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांचे प्रेषितत्व. म्हणजे आग्र्यात अर्धवट राहिलेली सभा त्यांनी कागदावर पुरी केली. त्रैक्याच्या अध्यायात त्यांचा मुख्य आक्षेप तर्काचा आहे: जे खरोखर एक आहे ते त्याच अर्थाने खरोखर तीन असू शकत नाही. हे गूढ बुद्धीच्या पलीकडचे आहे, असे ख्रिस्ती धर्मशास्त्री उत्तर देतात. मौलाना म्हणतात, बुद्धीला न उमगणारे वेगळे आणि बुद्धीला अशक्य ठरणारे वेगळे. हा भेद आपल्या इल्मे कलामचा जुना भेद आहे. त्यांनी तो नेमक्या जागी वापरला.

ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी एक सावधगिरी नोंदवली आहे, तिच्याकडे आजच्या वक्त्यांचे हटकून दुर्लक्ष होते. प्रतिपक्षाच्या पुस्तकांतून मी जे काढतो ते इल्जामी प्रमाण आहे, म्हणजे त्यांना त्यांच्याच मान्यतेने बांधण्यासाठी. ती माझी श्रद्धा नव्हे, हा त्या सूचनेचा आशय. हे लक्षात न ठेवता काही जण युरोपातील नास्तिक टीकाकारांची वाक्ये मिंबरवरून आनंदाने सांगतात. डेव्हिड स्ट्रॉस या जर्मन लेखकाचे १८३५ चे येशूचरित्र घ्या. तो इंजीलमधील चमत्कारांना दंतकथा ठरवतो. पण ईसा (अ.) यांचा पित्याविना जन्म, आजाऱ्यांना बरे करणे, मृतांना अल्लाहच्या हुकमाने उठवणे, हे सारे कुरआनही सांगतो. स्ट्रॉसच्या तलवारीने ख्रिस्ती श्रद्धा कापायला निघालेला मुसलमान आपलेच बोट कापून घेतो. मौलानांनी ही शस्त्रे ग्रंथाच्या इतिहासापुरती उचलली, ती याच जाणिवेने.

वादसभेच्या फलिताविषयीही डोळे उघडे ठेवावेत. त्या वर्षांत आग्र्यात असलेले आणि या वादाशी जवळून संबंध आलेले दोन विद्वान मुसलमान, सफदर अली व इमादुद्दीन, पुढे १८६० नंतरच्या काळात ख्रिस्ती झाले. इमादुद्दीन तर पाद्री झाला आणि इस्लामविरुद्ध लिहू लागला. ज्या सभेने हजारो मुसलमानांना धीर दिला, तिच्या आसपास वावरलेल्या या दोघांच्या मनातील अस्वस्थतेला मात्र तिने उत्तर दिले नाही. मुनाजऱ्यात प्रतिपक्षाला निरुत्तर करता येते. आपल्या शेजारी बसलेल्या माणसाला काय टोचते आहे, हे तेथे विचारले जात नाही.

मौलानांनी उत्तरायुष्य कशाला वाहिले, ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्यांचा ग्रंथ तुर्की व फ्रेंच भाषांत गेला, इजिप्तपर्यंत वाचला गेला. पुढच्या शतकात दक्षिण आफ्रिकेत एका दुकानात नोकरी करणाऱ्या तरुण अहमद दीदात यांच्या हाती तो पडला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. पण स्वतः मौलाना मक्केत परतून मुलांना शिकवत बसले. हरममध्ये वर्ग भरत, पण रचलेला अभ्यासक्रम नव्हता, अनाथ व परदेशी मुलांची सोय नव्हती. कलकत्त्याच्या एक श्रीमंत बेगम सौलतुन्निसा हजला आल्या होत्या. हाजींसाठी मुसाफिरखाना बांधण्याचा त्यांचा मानस होता. मुसाफिरखाने येथे पुष्कळ आहेत, मदरसा नाही, असे मौलानांनी सुचवले. बेगमसाहिबांनी जागा घेऊन इमारत उभी करून दिली, आणि १२९१ हिजरी, म्हणजे १८७४ पासून ‘मदरसा सौलतिया’ त्यांच्याच नावाने सुरू झाला. संस्थापकाचे नाव कोठेही नाही. धार्मिक विद्येबरोबर मुलांच्या हाताला एखादा हुन्नर यावा, यासाठीही मौलानांनी सोय केली होती. सिकंदऱ्याच्या अनाथालयाची आठवण त्यांना होती की नाही, कोण जाणे. मला मात्र हे वाचताना ती होते.

उतारवयात दृष्टी अधू झाली. सुलतान अब्दुल हमीद यांनी त्यांना पुन्हा राजधानीत बोलावले, मानसन्मान दिला, तेथेच राहण्याचा आग्रह केला. पण मौलाना मक्केस परतले. २२ रमजान १३०८ हिजरी, १ मे १८९१ रोजी त्यांचा इंतकाल झाला. जन्नतुल मुअल्ला येथे ते दफन आहेत, आठ वर्षांनी हाजी इमदादुल्लाह (रह.) यांनाही त्याच कबरस्तानात जागा मिळाली.

आग्र्यात समोर बसलेला तो तरुण पाद्री फ्रेंच मधल्या काळात लाहोरचा पहिला बिशप झाला होता. म्हातारपणी ते पद सोडून अरबांत आपला धर्म सांगण्यासाठी तो एकटाच मस्कतला गेला. मौलानांच्या इंतकालानंतर तेरा दिवसांनी, १४ मे १८९१ रोजी, तोही अरबस्तानच्याच भूमीवर मरण पावला.